चार तासांच्या आत

विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या टाइप १ मधुमेहाच्या मुलाला स्वयंचलित इन्सुलिन पंप द्यावा का, असा विषय निघाला की पहिला आक्षेप आईवर येतो. आई चौथी-पाचवी शिकलेली, बाप सालदार नाहीतर मजूर, घरात फ्रीज असला तरी विजेचा भरवसा नाही. लाखाच्या वरचं यंत्र अशा घरात सांभाळणार कोण? आक्षेप घेणारे वाईट मनाचे नसतात, पण ते भलतीच गोष्ट मोजताहेत. पंधरा लिटरच्या फवारणी पंपाला कोणतं औषध किती मिली, वारा कुठून वाहतो, दुपारून पाऊस आला तर फवारा वाया जाईल का, हा हिशेब ज्या घरात दर हंगामात होतो तिथे ‘इतक्या भाकरीला इतकं इन्सुलिन’ हे गणित परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘पंप’ म्हटलं की आधी फवारणीचा किंवा विहिरीवरचा डोळ्यांपुढे येतो. तेही एका अर्थी बरंच आहे. पाइपात हवा धरली की मोटर नुसती फिरते आणि पाणी येत नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. खेड्यातल्या मुलांना हे तंत्रज्ञान मिळायला हवं आणि ते सरकारी खर्चानं मिळायला हवं. कुणाला आधी द्यायचं हे मात्र आईच्या शाळेच्या दाखल्यावरून ठरू नये. एकच प्रश्न विचारावा: यंत्र बंद पडल्यापासून चार तासांच्या आत या मुलाच्या अंगात दुसऱ्या वाटेनं इन्सुलिन जाईल का? उत्तर ‘हो’ असेल तर आई निरक्षर असली तरी पंप द्यावा. ‘नाही’ असेल तर नागपूरच्या धरमपेठेतल्या इंजिनिअरच्या मुलालाही देऊ नये.

चार तास हा आकडा यंत्राच्या रचनेतूनच येतो. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. कारल्याच्या रसानं किंवा पथ्यानं त्या परत येत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं, त्या दिवसापासून आजवर या आजारावर बाहेरून इन्सुलिन देणं हाच मुख्य इलाज आहे. बदलली ती देण्याची रीत.

या यंत्रणेचे भाग तीन. पहिला सेन्सर. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या बिल्ल्याची केसासारखी तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते आणि दर पाच मिनिटांनी आकडा पाठवते. दुसरा पंप. खिशात मावेल एवढ्या डबीत इन्सुलिनची टाकी असते, तिच्यातून बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाची मऊ कॅन्युला कातडीखाली बसवलेली असते. ही कॅन्युला आणि नळी, म्हणजे इन्फ्युजन सेट, साधारण तीन दिवसांनी बदलायची. तिसरा भाग म्हणजे या दोघांमधला हिशेब, अल्गोरिदम. सेन्सरचा आकडा चढतोय की उतरतोय ते पाहून तो इन्सुलिन वाढवतो, कमी करतो किंवा थांबवतो. अशा पहिल्या पंपाला, मिनिमेड ६७०जी ला, अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. भारतात आज मिळणारा ७८०जी हा त्याच घराण्यातला. त्याला साखरेचं १००, ११० किंवा १२० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांपैकी एक लक्ष्य देता येतं.

‘स्वयंचलित’ हा शब्द जरा फसवा आहे. जेवण पंपाला सांगावंच लागतं. म्हणून या पंपांना हायब्रिड म्हणतात, आपल्या भाषेत अर्धा ऑटो. एक गैरसमज मात्र इथेच खोडून टाकायला हवा. मेळघाटात धारणीच्या पुढे किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीत टॉवर नाही म्हणून हा पंप चालणार नाही, असं सर्रास बोललं जातं. ७८०जी चा हिशेब पंपाच्या पोटातच होतो. नेटवर्क गेलं, मोबाइल बंद पडला, तरी सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलत राहतात. फक्त दूर बसलेल्या बापाला फोनवर आकडे दिसत नाहीत. पंपाला लागतो तो डबल-ए आकाराचाच सेल, पण अल्कलाइन किंवा लिथियमचा; गावच्या किराणा दुकानात भिंतीवरच्या घड्याळासाठी ठेवलेला स्वस्त झिंक-कार्बन सेल त्याला चालत नाही. घरात एक चांगला जादा ठेवला की विजेचा प्रश्न बराच मिटतो.

खरी गोम वेगळी आहे. पंपात फक्त झटपट असर करणारं इन्सुलिन असतं. ग्लार्जिनसारखं दिवसभर पुरणारं इन्सुलिन पंपावरच्या मुलाच्या अंगात नसतंच. कॅन्युला दुमडली, नळीत हवा धरली, सेट घामानं सुटून चड्डीत लोंबकळू लागला, की दोन ते चार तासांत शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात वाढू लागतात. पुढच्या काही तासांत उलट्या, पोटदुखी, धाप, म्हणजेच डीकेए, मधुमेही कीटोअॅसिडोसिस. इंजेक्शनवरच्या मुलाचा जेवणाचा एक डोस चुकला तर खाली काल रात्रीच्या ग्लार्जिनचा आधार असतो. पंपवाल्याच्या खाली गादी नाही. पंपाची सगळी किमया आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

किमयेबद्दल शंका उरलेली नाही. अमेरिकेत ६ ते १३ वर्षांच्या १०१ मुलांवर सोळा आठवडे चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचा निकाल आला. साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात राहण्याचा वेळ स्वयंचलित गटात ५३ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला. साधा पंप आणि सेन्सर वापरणाऱ्या दुसऱ्या गटात तो ५१ वरून ५५ वर थांबला. दोन्ही गटांतला फरक रोजच्या सुमारे २.६ तासांचा भरतो. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये शिफारस केल्यावर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं असे पंप द्यायला सुरुवात केली आणि मुलांना आधी दिले. सगळ्यात मोठा फायदा होतो रात्री. रात्री मूल खात नाही, पळत नाही, त्यामुळे हिशेबात घोळ घालायला काही नसतं. साखर उतरू लागली की पंप आधीच हात आखडता घेतो. दिवसभर निंदायला गेलेली आणि पहाटे चारला पुन्हा चूल पेटवणारी आई रात्री दोन वाजता उठून मुलाच्या बोटाला सुई टोचते, ते काम हे यंत्र तिच्यापेक्षा चांगलं करतं. ज्या घरात माणसांना उसंत कमी त्या घरात या यंत्राचा उपयोग जास्त, असा आमचा दावा आहे. प्रत्यक्षात पंप उलट दिशेनं वाटले जातात.

आता चार तासांचा हिशेब प्रत्यक्षात कसा बसवायचा ते पाहू.

घरात एक पेटी हवी. तिच्यात झटपट इन्सुलिनचं पेन आणि सुया, ग्लार्जिनचं एक पेन, दोन जादा इन्फ्युजन सेट, एक जादा टाकी, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोमीटर, साखरेची पुडी आणि एक जाड पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं: पंप बंद पडला तर ग्लार्जिन इतके युनिट, जेवणाला इतके, फोन या नंबरला. आकडे डॉक्टरांनी लिहायचे आणि दर तीन महिन्यांनी खोडून नवे लिहायचे, कारण मूल वाढतं तसा डोस वाढतो. वयात येण्याआधी किलोमागे दिवसाला ०.७ ते १ युनिट पुरतं, वयात येताना ते १.२ च्या वरही जातं. दीड वर्षापूर्वीचा पुठ्ठा हा पुठ्ठा नसल्यासारखाच.

रीत साधी आहे, पण ती घोटून घ्यावी लागते. कारण सापडत नसताना शुगर २५० च्या वर गेली तर पंपातून दुरुस्तीचा डोस द्यायचा. तासा-दोन तासांत उतरली नाही तर पंपावर विश्वास ठेवायचा नाही. कीटोन पाहायचे. रक्तातले कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) च्या वर असतील तर पुढचा डोस पेननं द्यायचा, मग सेट बदलायचा, पाणी पाजत राहायचं. दीडच्या वर असतील तर लगेच फोन. तीनच्या वर गेले किंवा उलट्या लागल्या तर गाडी. चूक नेहमी एकाच जागी होते: घरचे आधी सेट बदलतात आणि नव्या सेटमधून डोस देतात. नवा सेटही नीट बसला नसेल तर आणखी दोन तास गेले. म्हणून आधी पेन आणि मग सेट, हा क्रम पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहावा. सेट रात्री झोपताना बदलू नये, सकाळी शाळेआधी बदलावा आणि दोन तासांनी बोटावर शुगर पाहावी, म्हणजे वाकडी बसलेली कॅन्युला उजेडात सापडते.

याच पेटीत एक जीवघेणी गफलत दडून बसू शकते. आपल्या सरकारी दवाखान्यांत आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पंपात भरायचं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलीचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पंप बिघडला म्हणून घाईघाईत पंपाच्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर मुलाला दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. एवढ्यानं लहान मूल बेशुद्ध पडतं. उलट घोळ झाला तर दहाच्या जागी चारच जातात आणि डीकेए कायम राहतो. पंप दिलेल्या घरात लाल टोपणाची सिरिंज राहूच नये, आणि गावच्या मेडिकलवाल्यालाही हे त्याच दिवशी सांगून ठेवावं. प्रशिक्षणाच्या चकचकीत पुस्तिकांमध्ये हे वाक्य सहसा नसतं. बहुतेक श्रीमंत देशांत ४० युनिटची बाटली केव्हाच मागे पडली, म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्यांना ते सुचत नाही.

मग ऊन. इन्सुलिन कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पंपाच्या टाकीतलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४५ च्या आसपास घुटमळतो. त्या सूचनेप्रमाणे चालायचं तर वर्षातले दोन-अडीच महिने पंप कपाटात ठेवावा लागेल. इतकं घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही चालणार नाही. पंप शर्टाच्या आत, अंगाला लागून, सुती पिशवीत ठेवावा. घामानं कातडी बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते. नळी कपड्याबाहेर उन्हात लोंबू देऊ नये. टाकी काठोकाठ भरू नये. तीस किलोच्या मुलाला दिवसाला साधारण २४ युनिट लागतात असं धरलं तर तीन दिवसांचे ७२ होतात. नळी भरायला आणि राखीव म्हणून वीसेक धरा, म्हणजे ९० च्या आसपास पुरेत. टाकी ३०० युनिटची आहे म्हणून ३०० भरणं म्हणजे दोनशे युनिट उन्हात शिजवणं. एप्रिल ते जूनमध्ये सेट आणि टाकी दोन दिवसांनी बदलावी. आता हा वैद्यकीय सल्ला लगेच अंदाजपत्रकात उतरतो: इतर महिन्यांत दहा सेट लागतात, तर एप्रिल ते जूनमध्ये महिन्याला पंधरा. मुंबईत बसून राज्यभर सरसकट दहा सेट मंजूर करणाऱ्या फाइलीत विदर्भाचा उन्हाळा नसतो. तो कुणीतरी घालायला हवा.

बाटल्या ठेवायला फ्रीज हवाच, हा मुद्दा मात्र वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा, हे खरं. पण वापरातल्या बाटलीबद्दल जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी केनियातल्या निर्वासित छावणीतलं तापमान धरून केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होणाऱ्या उष्णतेत चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची ताकद टिकली. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात एका मडक्यात दुसरं मडकं, मध्ये ओली रेती आणि वर ओलं फडकं, एवढ्यानं आतली हवा या मर्यादेत राखता येते. रेती दिवसातून दोनदा भिजवायची, मडकं सावलीत आणि वाऱ्यावर ठेवायचं, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालायची. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा मडकं कमी गार करतं, पण तेव्हा बाहेरही तेवढं ऊन नसतं. फ्रीज आहे त्या घरात उलटी चूक होते. बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकते, गोठते आणि कायमची निकामी होते, दिसायला मात्र जशीच्या तशी. भरतानाही थंडगार इन्सुलिन टाकीत घेऊ नये. तापलं की त्यातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि नळीत जिथे बुडबुडा आहे तिथे इन्सुलिन नाही.

चिकटपट्टी घामानं सुटते ही तक्रार सगळीकडची आहे. इथे तिला तेलाची जोड आहे. अंगाला खोबरेल किंवा जवसाचं तेल चोळलेल्या दंडावर सेन्सर दोन दिवस टिकत नाही. साबणानं धुऊन, कूलरपुढे दहा मिनिटं अंग कोरडं करून, मग लावावा आणि वरून कापडी पट्टी.

आता दोन औषधं. पैकी पहिलं इतकं साधं आहे की त्याचा संशयच येत नाही. ७८०जी बरोबर वापरल्या जाणाऱ्या गार्डियन सेन्सरला पॅरासिटामॉल फसवतं. गोळी घेतल्यावर सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतो आणि पंप त्या खोट्या आकड्यावर खरं इन्सुलिन सोडतो. आपल्याकडे ताप आला की आशाताईपासून शिक्षकांपर्यंत कुणीही पहिली देतो ती हीच गोळी. तापात मूल जेवतही नाही, म्हणजे शुगर उतरायला दोन कारणं झाली. गोळीचा असर असेपर्यंत ऑटो मोड बंद ठेवायचा आणि बोटाच्या शुगरवर चालायचं, हे घरच्यांइतकंच गावातल्या प्रत्येक औषध देणाऱ्याला माहीत हवं.

दुसरं औषध हायड्रॉक्सियुरिया. सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या अनेक रुग्णांना ते रोज दिलं जातं आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा सगळा सिकलसेलचा पट्टा आहे. हेही औषध काही सेन्सरांचे आकडे फुगवतं. दोन्ही आजार एकाच मुलाला असणं विरळा, पण असेल तर त्या मुलाला असा सेन्सर लावून स्वयंचलित पंप देणं म्हणजे आंधळ्याच्या हाती बैलजोडी देण्यासारखं. यापेक्षा जास्त मुलांना लागू होणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी एचबीए१सी तपासणी होते, ती सिकलसेलच्या रुग्णात विश्वासार्ह राहत नाही. लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो आणि मूल ‘कंट्रोलमध्ये’ दिसतं. पूर्व विदर्भात कोणत्याही सरकारी योजनेनं मुलाची प्रगती फक्त एचबीए१सीवर मोजू नये. आधी सिकलसेलची तपासणी व्हावी आणि आजार निघाला तर सेन्सरच्या किंवा बोटाच्या आकड्यांवर चालावं.

जेवणाच्या हिशेबाबद्दल उगाच भीती घातली जाते. कार्बोहायड्रेटचे ग्रॅम मोजता आले नाहीत तर पंप देऊ नये, हा नियम आता टिकत नाही. कतारमध्ये ७८०जी वापरणाऱ्या किशोरवयीन मुलांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं ग्रॅम नेमके मोजले, दुसऱ्यानं फक्त आधी ठरवलेलं लहान, मध्यम किंवा मोठं जेवण निवडलं. मोजणाऱ्यांचा योग्य पट्ट्यातला वेळ ८० टक्के, न मोजणाऱ्यांचा ७३ टक्के. म्हणजे अंदाजानं चालणारी मुलंही ७० टक्क्यांच्या अपेक्षित रेषेच्या वर राहिली. आपल्याकडे पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात, दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४० च्या आसपास. एक भाकरी आणि भाजी हे लहान जेवण, एक भाकरी आणि वाटीभर वरण-भात हे मध्यम, पंगत म्हणजे मोठं. एवढ्या तीन खुणांवर घर चालतं. जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बटण दाबायचं, जेवल्यावर आठवण झाली तर पूर्ण डोस द्यायचा नाही, कारण तोवर पंपानं स्वतः वाढवायला सुरुवात केलेली असते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणारं मूल बोजाऱ्याच्या, म्हणजे ओवाळणीच्या पैशांबरोबर चॉकलेट-बिस्किटंही गोळा करतं. त्या दिवशी घराघरातून दहा वेळा थोडं थोडं खाल्लं जातं आणि बटण एकदाही दाबलं जात नाही. पंप त्यातलं बरंच सावरून घेतो. त्या दिवसावरून आईला बोलणी बसू नयेत.

शुगर कमी झाली तर काय, याचीही जुनी सवय बदलावी लागते. इंजेक्शनवरच्या मुलाला ७० च्या खाली आलं की तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. स्वयंचलित पंपानं आकडा उतरण्याआधीच इन्सुलिन रोखलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा ५ ते १० ग्रॅम पुरतात. घाबरून वाटीभर साखर दिली की तासाभरात २५० होते, पंप जोर लावतो आणि पुन्हा खाली. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, म्हणून साखर दिल्यानंतरची तपासणी बोटावर करावी. मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं तरी दाबामुळे आकडा खोटा पडतो. कूस बदलली की वर येतो.

शाळेचा प्रश्न घरापेक्षा अवघड आहे, आणि शाळांमध्ये आश्रमशाळेचा सगळ्यात अवघड. सीबीएसईनं २०१७ पासून मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची मुभा दिली आहे. मेळघाटातली आणि भामरागडची बहुतेक मुलं मात्र सीबीएसईत शिकत नाहीत. आश्रमशाळेत शेकडो मुलांमागे रात्री अधीक्षक किंवा अधीक्षिका असतात. तिथे इंजेक्शनवरचं मूल पहाटे तीनला शुगर उतरून थरथरत असेल तर ते कुणाला कळणार? याच कारणानं कित्येक घरी मुलाचं नाव आश्रमशाळेतून काढून घेतात आणि तिथेच त्याचं शिक्षण संपतं. रात्री स्वतः हात आखडणारा पंप या मुलाला सगळ्यात जास्त उपयोगी आहे, आणि चार तासांची अट पाळणं तिथेच सगळ्यात कठीण. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. पुरात रुग्णवाहिका येणार नाही, पण पेटी तर आधीच तिथे असू शकते. आदिवासी विकास विभागानं मधुमेही मूल असलेल्या प्रत्येक आश्रमशाळेत दोन माणसांना पेनचा डोस आणि सेट बदलणं शिकवावं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर चार महिन्यांचं सामान पोचवावं, जसं धान्य पोचवतात. पेटीच्या कपाटाला कुलूप असू नये. किल्ली ज्यांच्याकडे ते शनिवारी घरी गेलेले असतात.

किशोरवयीन मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. खेड्यात मुलीचा मधुमेह लपवला जातो, लग्नाच्या भीतीनं. इंजेक्शन मोरीत जाऊन घेता येतं, पंप चोवीस तास अंगावर असतो. काही मुली याच कारणानं तो काढून ठेवतात, लग्नाच्या मांडवात, जत्रेत, पाहुणे आल्यावर. तासाभरापेक्षा जास्त काढला तर पेननं भरपाई करायची असते. ती केली नाही तर चार तास तिथेच सुरू होतात. अशा मुलीवर पंप लादण्यापेक्षा ग्लार्जिन आणि सेन्सर देणं शहाणपणाचं. पंप नको म्हणण्याचा हक्क योजनेत लिहिलेला असावा, आणि नको म्हटलं म्हणून सेन्सरही काढून घेऊ नये.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. जिथे साध्या पट्ट्या मिळत नाहीत तिथे पंपाची चैन कशाला? यात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अॅटलासप्रमाणे भारतात १९ वर्षांपर्यंतच्या टाइप १ च्या मुलांची संख्या सुमारे २ लाख २९ हजार, जगात सर्वाधिक. त्यांतल्या खेड्यातल्या मुलाला अनेकदा दिवसातून दोनदा प्रौढांसाठीचं मिश्र ३०/७० इन्सुलिन टोचलं जातं, कारण ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात तेवढंच असतं. ते घेतलं की ठरल्या वेळी ठरलेलं खाल्लंच पाहिजे. मूल कापूस वेचायला आईमागे गेलं, जेवण लांबलं, की शुगर उतरली. ग्लार्जिन २०२२ पासून देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, तरी ते तालुक्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. रोज चार पट्ट्या म्हणजे महिन्याला १२०. पंधरा रुपयांची एक धरली तरी अठराशे रुपये. कोणत्या मजुराच्या घरात हा खर्च दर महिन्याला निघतो?

आणि निदान? तहान, वारंवार लघवी, रोडावणं, थकवा. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून गावात ग्लुकोजची बाटली लावली जाते, तीच जहर ठरते. धाप लागली की न्यूमोनिया समजतात, पोट दुखलं की अपेंडिक्स. शाळांत वर्षातून एकदा येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाच्या हाती हा आजार लागणं अवघड, तो काही आठवड्यांत उफाळतो. प्रत्येक आजारी मुलाला सलाइन लावण्याआधी बोटावर एक पट्टी, हा नियम कोणत्याही पंपापेक्षा जास्त जीव वाचवेल. तालुक्याच्या दवाखान्याला डीकेएचा पहिला इलाजही जमायला हवा: आधी साधं सलाइन, इन्सुलिन तासाभरानं, किलोमागे तासाला ०.०५ ते ०.१ युनिट, पोटॅशियमवर नजर. घाईनं मोठा डोस देऊन नागपूरला रवाना करण्यात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो.

पण या युक्तिवादातून ‘आधी सगळ्यांना पट्ट्या, मग कधीतरी पंप’ असा निष्कर्ष काढला की तो ‘कधीतरी’ खेड्याच्या वाट्याला कधीच येत नाही. दोन्ही एकाच यंत्रणेतून जातं. पंपासाठी जी पेटी, जो फोन, जो प्रशिक्षित माणूस लागतो, तोच इंजेक्शनवरच्या मुलालाही लागतो. पायरी हवी, पण पायऱ्यांमध्ये दहा वर्षांचं अंतर नको. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाला वेगवेगळं जलद आणि दीर्घ इन्सुलिन, पट्ट्या, कीटोन पट्ट्या. त्याच वर्षी दर तीन महिन्यांनी चौदा दिवसांचा एक सेन्सर, म्हणजे वर्षाला चार. एवढ्यावरही रात्रीची शुगर कुठे उतरते ते कागदावर दिसतं आणि डोस सुधारता येतो. दुसऱ्या वर्षापासून ज्या घरांनी चार तासांची परीक्षा दिली त्यांना पंप. परीक्षा तोंडी घ्यावी, घरी जाऊन: सेट काढून ठेवतो, आता काय कराल ते करून दाखवा. वाचता येतं का, हे विचारूच नये.

नागपुरात ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांनी गरीब मुलांपर्यंत इन्सुलिन पोचवून दाखवलं आहे. केरळ सरकारच्या ‘मिठाई’ योजनेतून टाइप १ च्या मुलांना इन्सुलिनबरोबर आधुनिक साधनंही मिळतात. महाराष्ट्रातल्या विमा योजना मात्र मूल भरती झाल्यावर जाग्या होतात. डीकेएनं अतिदक्षता विभागात गेलेल्या मुलाचं बिल निघतं, तो डीकेए टाळणाऱ्या पट्टीचं निघत नाही. देणगीदारांनाही एक सांगणं आहे. नुसता पंप देऊन फोटो काढू नका. सेट, टाक्या आणि सेन्सर यांचा चालू खर्च पंपाच्या किमतीला लवकरच गाठतो आणि तो संपला की पंप ट्रंकेत जातो. एका मुलाला चार वर्षांच्या सुट्या भागांसह द्या, चार मुलांना नुसते पंप देऊ नका.

एक रकाना मात्र आजच्या कोणत्याही अर्जात दिसत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, मुलांसाठीच्या बहुतेक मदत योजना त्याच्या आसपास. तोवर पंपावर वाढलेला मुलगा नेमका त्याच वर्षी आयटीआयला, पोलीस भरतीच्या क्लासला किंवा पुण्याला कामाला जातो, आईच्या पेटीपासून लांब. त्याला पुन्हा इंजेक्शनवर यायचं असेल तर ते बारावीच्या परीक्षेनंतर, शुगर रोज तपासत, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू शिकवावं लागतं, आणि पंपावर ठेवायचं असेल तर पैसे कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला पंप मंजूर करणाऱ्या सहीच्या वरच ‘एकोणिसाव्या वर्षी पुरवठा कोण करणार’ असं छापलेलं असावं, आणि तो रकाना कोरा असेल तर अर्ज परत यावा.